हात आणि हेतू : गुन्ह्याची दोन अंगे व आपला पिढीजात धंदा

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत कुलदैवतांची माहिती, थोर पुरुषांची चरित्रे, विद्यार्थ्यांचे गुणगौरव असे विषय सामान्यतः येतात. त्यांत फौजदारी कायद्यावरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या भंडारी ज्ञातीच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाशी 'गुन्हा' हा शब्द निकटचा जडलेला आहे. माड, ताड आणि शिंदी यांच्या रसावर ज्यांचा संसार चालला, त्या आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांस दंड भरावा लागला, कित्येकांना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पुष्कळ घरांत ह्या गोष्टी अद्यापि दबक्या आवाजात बोलल्या जातात. नातवंडांनी विचारले, "आपले पणजोबा गुन्हेगार होते का?" तर काय उत्तर द्यावे, हे घरच्या वडीलधाऱ्यांस सुचत नाही. ते उत्तर शोधावयाचे तर आधी गुन्हा म्हणजे काय, हेच नीट समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

गुन्ह्याची दोन अंगे

आपल्या देशात आज जो फौजदारी कायदा चालतो त्याचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. मुंबई इलाख्यात त्यापूर्वी एल्फिन्स्टनसाहेबाच्या कारकिर्दीत तयार झालेले १८२७ सालचे कायदे चालू होते. पुढे मेकॉले याच्या अध्यक्षतेखालील मंडळाने साऱ्या हिंदुस्थानासाठी दंड संहितेचा मसुदा १८३७ साली सिद्ध केला. तो पुष्कळ वर्षे पडून राहिला, १८६० साली मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. एकशे बासष्ट वर्षे हीच भारतीय दंड संहिता चालली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, काही कलमे नवी आली, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले.

ते तत्त्व असे की, गुन्ह्याला दोन अंगे असतात. एक, हाताने घडलेले कृत्य. दुसरे, त्या कृत्यामागचे दूषित मन. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतील शब्द वापरून कायदेपंडित पहिल्याला 'अॅक्टस रिअस' आणि दुसऱ्याला 'मेन्स रिआ' म्हणतात. मन दूषित नसेल तर केवळ कृत्याने मनुष्य दोषी होत नाही, असे त्यांचे जुने वचन आहे. आपण त्यांना सोयीसाठी हात आणि हेतू म्हणू. हात व हेतू एकत्र आले म्हणजे गुन्हा पुरा होतो.

चोरीचेच उदाहरण घ्या. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकूच्या बागा एकमेकींस लागून आहेत. एखाद्याने शेजाऱ्याच्या झाडाचे चिकू आपल्याच हद्दीतले समजून प्रामाणिक समजुतीने उतरविले, तर शेजाऱ्याचे नुकसान झाले हे खरे. भरपाई द्यावी लागेल, हेही खरे. परंतु ती चोरी नव्हे. उलट शेजाऱ्याच्या जमिनीतले झाड लबाडीने नेण्याच्या बुद्धीने कोणी तोडले, तर झाड जमिनीपासून सुटे होताक्षणीच चोरी पुरी होते, मग ते गाडीत घातलेले असो वा नसो. ही दोन्ही तत्त्वे दंड संहितेने आपल्या उदाहरणांतच सांगून ठेविली आहेत. दोन्ही ठिकाणी हात एकच काम करतो. भेद आहे तो मनाचा.

याच न्यायाने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा धरले जात नाही. वेडाच्या भरात आपण काय करतो हे ज्याला कळत नाही, त्याचीही तीच गोष्ट. कायदेशीर काम योग्य काळजीने करीत असता दैववशात् अपघात घडला, तरी तो गुन्हा ठरत नाही. मात्र कायद्याचे अज्ञान ही सबब नाही. वस्तुस्थितीविषयी चूक झाली तर कायदा ऐकून घेतो; "असा कायदा आहे हे मला ठाऊकच नव्हते", असे म्हटले तर ऐकून घेत नाही. हा भेद वाचकांनी मनात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मनाचेही मोजमाप

हेतू एकाच मापाचा नसतो. जीव घेण्याचा उद्देश, आपल्या कृत्याने जीव जाण्याचा संभव आहे ही जाणीव, आणि नुसता निष्काळजीपणा ह्या तीन वेगळ्या पायऱ्या होत. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८७६ साली दिलेला एक निकाल आजही देशभरच्या विधिमहाविद्यालयांत शिकविला जातो. गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने आपल्या पंधरा वर्षांच्या पत्नीस लाथाबुक्क्यांनी मारले. ती खाली पडल्यावर छातीवर गुडघा ठेवून तोंडावर ठोसे मारले. कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव होऊन ती बिचारी मुलगी मरण पावली. खालच्या न्यायालयाने त्यास खुनी ठरवून फाशी सांगितली. उच्च न्यायालयात दोघा न्यायाधीशांचे मतभेद झाले. म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेल्व्हिल यांच्यापुढे गेले. त्यांनी सांगितले की, येथे जीव घेण्याचा उद्देश दिसत नाही, आणि ही दुखापत अशीही नव्हती की सामान्यतः तिने मरण यावेच. तथापि असे ठोसे मारल्याने मरण येण्याचा संभव आहे, एवढी जाणीव त्याला होती असे धरले पाहिजे. म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध होय. गोविंदाची फाशी टळली, शिक्षा टळली नाही. त्या मुलीच्या मरणाचे दुःख ह्याने तिळमात्र कमी होत नाही. पण न्याय करणाऱ्याला प्रेताइतकेच मारणाऱ्याच्या मनाकडेही पाहावे लागते, हे ह्या निकालाने पक्के केले.

मन तर डोळ्यांना दिसत नाही. ते वाचावयाचे कसे? उत्तर असे की, वागणुकीवरून. १९५९ सालचा नौदल अधिकारी नानावटी यांचा खटला जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. रागाच्या भरात हातून घडले, असा बचाव होता. परंतु पत्नीची कबुली ऐकल्यानंतर ते जहाजावर गेले, खोटी सबब सांगून तेथून पिस्तूल व काडतुसे घेतली, मग त्या गृहस्थाचा शोध करीत गेले. मध्ये सुमारे तीन तास लोटले. एवढ्या अवधीत राग निवावयास वेळ होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली खुनाची शिक्षा कायम केली.

जसा हेतूवाचून हात अपुरा, तसा हातावाचून हेतूही अपुरा. मनातल्या दुष्ट विचाराला सहसा शिक्षा नाही, तयारीलाही नाही. शिक्षा सुरू होते ती प्रयत्नापासून. ही सीमारेषा कोठे पडते, हे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील एका प्रकरणात ठरले. १९६८ सालच्या सप्टेंबरात वसईनजीक कामणच्या खाडीवर रात्री एक जीप आणि एक ट्रक येऊन थांबली. जड गाठोडी उतरू लागली, तोच खाडीतून यांत्रिक होडीचा आवाज आला. जकात अधिकाऱ्यांनी छापा घातला, तेव्हा चांदीच्या लगडी सापडल्या. ट्रकमध्ये त्या लाकडाच्या भुशाच्या गोण्यांखाली दडविलेल्या होत्या. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने ही नुसती तयारी होय, असे म्हणून आरोपींना सोडले आणि उच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८० साली सांगितले की, होडी खाडीत आली, माल काठावर उतरला. हा चोरटी निर्यात करण्याचा प्रयत्नच होय.

आपला धंदा गुन्हा कसा झाला

आता मूळ विषयाकडे वळू. शिवछत्रपतींच्या आरमारात मायनाक भंडारी यांनी खांदेरीच्या झुंजीत १६७९ साली पराक्रम गाजविला, हे सर्वश्रुत आहे. त्याच शतकात मुंबई बेटावर इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर याने बंदोबस्तासाठी जे शिबंदीदल उभारले, त्यात भंडाऱ्यांचा भरणा इतका होता की ते 'भंडारी मिलिशिया' या नावानेच ओळखले गेले. मुंबईचे पोलीस दल आपला उगम तेथपर्यंत नेते. जी ज्ञात चोरांना धरण्यासाठी नेमली गेली, तिलाच दोनशे वर्षांनी सरकारी दप्तरात संशयिताचे स्थान मिळाले, ही इतिहासाची विचित्र गती आहे.

ही गती फिरली ती १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्याने. माडाताडांवर कर पूर्वीही होता. पण कर देणे वेगळे आणि गुन्हेगार ठरणे वेगळे. नव्या कायद्याने परवान्यावाचून झाडाला छेव देणे, रस काढणे, बाळगणे व विकणे या साऱ्याच गोष्टी दंडास पात्र केल्या. ज्याच्या परसात ताड उभा, ज्याच्या आजाने तो राखला, त्याने आपल्याच झाडावर चढून मडके बांधले तरी तो गुन्हा. सरकारास महसूल हवा होता. त्यासाठी दारूचे उत्पादन मोठ्या मक्तेदारांच्या हाती एकवटावयाचे आणि घरोघरची भट्टी बंद करावयाची, हे धोरण होते. आपल्या डहाणू-तलासरी भागातील वारली व इतर आदिवासी बांधवांवरही हाच प्रसंग आला. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला. चैत्रात रानात पडणारी फुले वेचून घरी साठविणे हे त्यांचे वर्षाचे अन्न. त्या फुलांच्या साठवणीवरही निर्बंध आले.

ह्या कायद्यांचे वैशिष्ट्य नीट पाहिले पाहिजे. चोरीच्या कलमात 'अप्रामाणिकपणे' हा शब्द आहे, खुनाच्या कलमात 'उद्देश' व 'जाणीव' हे शब्द आहेत. अबकारीच्या कलमांत मनाचा प्रश्न सहसा विचारलेलाच नाही. रस काढला काय? होय. परवाना होता काय? नाही. झाला गुन्हा. वर म्हटल्याप्रमाणे कायद्याचे अज्ञान ही सबब नाही. आणि जो कायदा इंग्रजीत छापला गेला, तो ताडावर चढणाऱ्या निरक्षर माणसाने जाणलाच पाहिजे, असे धरले गेले.

त्यातही रसाचा स्वभाव पाहा. पहाटे उतरविलेला रस गोड व निर्मळ असतो, तीच नीरा. ऊन चढू लागले की तो आपोआप आंबतो आणि त्याची ताडी होते. त्यासाठी कोणी काही मिसळावे लागत नाही. आंबू नये म्हणूनच मडक्याला आतून चुना लावावा लागतो. म्हणजे मडके तेच, माणूस तोच, त्याच्या मनातही काही बदल नाही. केवळ सूर्य वर आला आणि पदार्थ बदलला. हात स्वस्थ, हेतू स्वस्थ, तरीही कायद्याच्या दृष्टीने गोष्ट दुसरी झाली! गुन्ह्याच्या दोन अंगांची ज्यांना ओळख आहे, त्यांना यातील विपरीतता सांगावयास नको.

दारूबंदीचा काळ

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागील भावना उदात्त होती. गांधीजींचा तो आग्रह होता आणि दारूने उद्ध्वस्त झालेले संसार आपणही पाहिले आहेत. परंतु त्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. दारू, भट्टी, तिची भांडी किंवा मोहाची फुले कोणापाशी सापडली आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्याने गुन्हा केला असेच गृहीत धरावे, असे त्यात कलम आहे. सामान्य नियमाने दोष शाबीत करण्याचा भार सरकारावर असतो. येथे तो बराचसा आरोपीच्या खांद्यावर आला.

न्यायालयांनी या भाराला काही मर्यादा घातली. बलसारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायदा मुख्यतः वैध ठरविला. परंतु मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील बंदी रद्द केली. त्याच वर्षी कुलाब्यास जीपच्या अपघातात सापडलेल्या पेसिकाका नावाच्या गृहस्थांच्या तोंडास दारूचा वास येत होता. आपण औषध घेतले होते, असे त्यांचे म्हणणे. केवळ वास आला एवढ्यावरून भागत नाही, निषिद्ध मद्यच घेतले हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे ठरून १९५४ साली ते सुटले. हा निकाल सुशिक्षित शहरवासीयास मिळाला. दिल्लीपर्यंत जाण्याचे ज्यांना बळ नव्हते, ते दंड भरून घरी येत.

दोन निकाल

मनाचा विचार न करणारा कायदा कितपत योग्य, हा प्रश्न इंग्लंडातही दारूच्या परवान्यावरूनच उपस्थित झाला होता. १८९५ साली शेरास नावाच्या गुत्तेवाल्याने कामावर असलेल्या शिपायास मद्य दिले, म्हणून त्याला दंड झाला. पण शिपायाने कामावर असल्याची दंडावरची पट्टी काढून ठेवली होती. गुत्तेवाल्याने त्याला कामावरून सुटलेला समजले. वरिष्ठ न्यायालयाने दंड रद्द केला. कायद्यात शब्द नसला तरी दूषित मन आवश्यक आहे असे मूलतः धरावे. लोकहितार्थ घातलेले काही निर्बंध तेवढे अपवाद समजावेत, असे न्यायमूर्ती राइट यांनी सांगितले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयात १९६४ व १९६५ या लागोपाठच्या वर्षांत दोन निकाल लागले, ते शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. मायर हान्स जॉर्ज हा जर्मन गृहस्थ नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलास जात असता सांताक्रूझच्या विमानतळावर विमानात सापडला. त्याच्या अंगातील जाकिटात ३४ किलो सोने होते. असे सोने विमानाच्या मालपत्रकात नोंदविले पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची नवी अट त्याच्या प्रवासापूर्वी तीनच दिवस प्रसिद्ध झाली होती. मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरविले: देशाच्या अर्थव्यवस्थेच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यात हेतूचा प्रश्न येत नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत मात्र भिन्न होते.

पुढल्याच वर्षी धारचा धान्यव्यापारी नथुलाल याचा खटला आला. परवान्याशिवाय गव्हाचा साठा केला, हा आरोप. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, शुल्कही भरले होते. अर्ज नामंजूर झाल्याचे त्याला कळविलेले नव्हते. परवाना मिळालाच आहे, अशा प्रामाणिक समजुतीने तो व्यापार करीत होता. येथे न्यायमूर्ती सुब्बाराव यांच्या पीठाने त्याला निर्दोष सोडले: कायद्याने स्पष्टपणे किंवा अपरिहार्य ध्वनिताने वगळले नसेल, तर दूषित मन हे गुन्ह्याचे आवश्यक अंग होय. आमच्या अल्प मतीस हाच विचार अधिक न्याय्य वाटतो. परवान्याच्या कागदावाचून झाडावर चढलेल्या आपल्या पूर्वजांस अशी दृष्टी लाभली असती, तर कित्येक घरांच्या माथ्यावरचा डाग टळला असता.

आजचे व्यवहार

तथापि याचा अर्थ धंद्यातील सर्वच माणसे निष्पाप होती, असा कोणी करू नये. २०१५ सालच्या जून महिन्यात मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. विषाने जीव जाईल हे जाणून जो ते विकतो, त्याचे मन आणि परसातल्या ताडाला मडके बांधणाऱ्याचे मन यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दोघांवर एकाच दारूबंदी कायद्याचे कलम लागू शकते, म्हणून दोघे एका तागडीत बसत नाहीत. विष विकणाऱ्यास ज्ञातीने आपला म्हणू नये.

दुसरी गोष्ट, आपण सीमेवर राहतो. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्य दुभंगले तेव्हा मुंबईचा दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांस वारशाने मिळाला. महाराष्ट्रात तो सैल झाला, गुजरातेत कडक राहिला. घोलवडहून उंबरगाव हाकेच्या अंतरावर. पण इकडे परवान्याने चालणारी बाटली तिकडे गुन्हा होते. "एवढी पिशवी पलीकडे पोचती करा" असे कोणी म्हणाले, तर तरुणांनी आधी पिशवी उघडून पाहावी. जवळ बाळगणे म्हणजे जाणून बाळगणे, असे न्यायालये मानतात खरी. पण रेल्वेने आलेल्या सफरचंदांच्या पार्सलात अफू निघाल्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सांगितले की, माल ताब्यात सापडल्यावर आपल्याला ठाऊक नव्हते हे ज्याचे त्याने पटवून द्यावयाचे. ते पटवून देणे किती कठीण, ह्याचा विचार पिशवी उचलण्यापूर्वी करावा.

तिसरी गोष्ट जमावाची. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेने जमलेल्या जमावाकडून दोन साधू व त्यांचा चालक मारले गेले. त्या प्रकरणात कोणाचा दोष किती, हे सांगण्याचा अधिकार न्यायालयाचा. आपण सर्वसाधारण नियम तेवढा लक्षात ठेवावा: बेकायदेशीर जमावाच्या समान उद्देशात जो सामील झाला, त्याने स्वतः काठी उचलली नसली तरी जमावाच्या कृत्याचा दोष त्याला लागतो. येथे हात दुसऱ्याचा असतो, पण हेतू सामाईक धरला जातो. अफवा ऐकून धावत सुटण्यापूर्वी हे प्रत्येक घरातील मुलांस सांगून ठेवावे.

असो. नातवंडांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आपल्या पणजोबांनी आपल्या झाडाचा रस काढला, तो कोणाचा चोरला नाही, कोणाचा घात चिंतिला नाही. त्यांच्या हाताने कायदा मोडला असेल. त्यांच्या मनाने गुन्हा केला नाही. हे उत्तर खाली मान घालून देण्याचे कारण नाही. परंतु त्याच मापाने आपण इतरांसही मोजले पाहिजे. मोहाची फुले घरात सापडलेला वारली असो, की चुकून हद्द ओलांडलेला शेजारी असो, त्याला गुन्हेगार म्हणण्यापूर्वी हात आणि हेतू दोन्ही पाहावेत. जी दृष्टी आपल्या वाडवडिलांस मिळाली नाही, ती आपण दुसऱ्यांस नाकारू नये, एवढीच ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.